तेलाचा धनी

दिवाळी हा दिव्यांचा सण असे आपण म्हणतो. खरे पाहता तो तेलाचा सण आहे. पहाटे अंगाला तेल, दुपारी कढईत तेल, तिन्हीसांजेला पणतीत तेल. तेलाला हात आखडता घेतला की ते घरातल्या पोराबाळांनाही कळते. २०२४ सालच्या दिवाळीत तो घ्यावा लागला होता. सणाला दीड महिना उरला असताना, सप्टेंबरच्या मध्यावर, केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवरचा आयात कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला, आणि वाण्याच्या दुकानात पिशवीचा भाव चढला.

त्या वर्षी आमच्या सोलापूरच्या घरी दोन स्नेही फराळाला आले होते. एकांनी सारे आयुष्य तेलबियांच्या आडतीत काढलेले. त्यांना आम्ही शेटजी म्हणतो. दुसरे पुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. ते आमचे रावसाहेब. चकली मोडता मोडता वाद निघाला. शेटजी म्हणाले, "माणूस भाव बघतो आणि त्या मानाने तेल ओततो. बाकीचे सारे कागदावर." रावसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो शेटजी, पण तो भाव लिहितो कोण? सप्टेंबरात दिल्लीत एक कागद निघाला नसता तर ही चकली तुम्हांला अजून चार मिळाल्या असत्या." आतून सौ.चा आवाज आला, "भाजणीचे एक माप मी कमी केले, एवढे मला ठाऊक. बाकी तुमचे चालू द्या."

वाद तेथेच थांबला, पण माझ्या मनातून गेला नाही. मी इतिहासाचा मास्तर. कोणताही वाद जरा मागे नेल्यावाचून मला चैन पडत नाही. शिवाय कढईतल्या तेलापेक्षा जमिनीखालून निघणाऱ्या तेलाच्या इतिहासात या प्रश्नाचा झाडा अधिक चांगला घेता येतो असे मला वाटते. रॉकेल, पेट्रोल, डिझेल: आपल्या सोलापुरात ही तेले कधी आली, कोणाच्या हुकमाने आली आणि कोणाच्या हुकमाने गेली?

त्यांच्या आधी येथे राज्य होते करडईचे. रब्बीच्या ज्वारीच्या कडेने करडईचे तास घालण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. काटेरी करडईमुळे गुरे पिकात शिरत नाहीत आणि वर्षाचे तेल घरात येते. घाण्यावर निघालेले हे तेल भाजीत पडे, डोक्याला लागे आणि दिव्यातही जळे. पेठेतल्या मागावर रात्री धोटा चाले तोही असल्याच दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात.

१८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पहिली गाजलेली तेलविहीर लागली, आणि १८६० साली आगगाडी सोलापूरला पोचली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. पण पुढच्या वीसपंचवीस वर्षांत त्याच रुळांवरून अमेरिकेचे आणि मग रशियाच्या बाकूचे रॉकेल डब्याडब्यांनी आत येऊ लागले. 'रॉक ऑइल'चे झाले रॉकेल, आणि 'गॅसलाइट'चे झाले घासलेट. त्या चौकोनी पत्र्याच्या डब्यानेही आपल्या संसारात केवढी जागा पटकावली! तेल संपले की त्यात पाणी भरा, धान्य ठेवा, तुळस लावा, नाहीतर पत्रा उलगडून छपराला ठोका.

रॉकेल करडईपेक्षा स्वस्त होते आणि चिमणीच्या काचेत त्याचा उजेड लख्ख पडे. ते वापरा असे कोणत्याही कलेक्टराने फर्मान काढले नव्हते. उलट परदेशी रॉकेलवर सरकार जकात घेत होते. तरी लोकांनी ते घेतले, आणि दिव्याच्या तेलावर चालणारे तेल्याचे घाणे मंदावले. हा डाव सरळसरळ शेटजींचा. घराघरात रॉकेल शिरले ते भावाच्या जोरावर.

एक ठिकाण मात्र त्याला कधीच मिळाले नाही. देवापुढच्या समईत रॉकेल गेले नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. कानडीच्या अंगाने आपण त्याला यण्णीमज्जन म्हणतो. त्या तेलाला भाव चढल्याची खंत नाही आणि कराचीही नाही. अर्थशास्त्र्यांनी त्याचा हिशेब कोठे मांडावा ते त्यांचे त्यांनी पाहावे.

शेटजींचा डाव मी मान्य केला खरा, पण 'बाजार' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मंगळवार बाजारासारखी शंभर पाट्यांची गर्दी उभी राहते, तसा हा बाजार नव्हता. विकणारे होते तीन-चार. ब्रह्मदेशातले तेल काढणारी बर्मा ऑइल कंपनी १८८६ साली निघाली. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली, म्हणून त्या तेलाला आयात जकात नव्हती. १९०५ साली या कंपनीने शेलच्या गोटाशी करार करून हिंदी बाजार वाटून घेतला. मग भाव कोठला, बाजार कोठला! चार जणांनी बसून ठरवावे आणि कंदील लावणाऱ्याने द्यावे.

या चौघांत एकदा जुंपली, त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने क्रांतीनंतरच्या रशियाकडून स्वस्त रॉकेल घेतले आणि ते हिंदुस्थानात आणून विकावयास काढले. शेलचे सर हेन्री डेटरडिंग भडकले. बोल्शेविकांनी आमच्या विहिरी लुबाडल्या आणि तुम्ही तो चोरीचा माल विकता, असे त्यांचे म्हणणे. १९२७ च्या सप्टेंबरात त्यांनी हिंदुस्थानात भाव पाडले, समोरच्यांनी आणखी पाडले. लंडन आणि न्यूयॉर्कमधले भांडण, आणि त्यात सोलापूरच्या विणकराची चिमणी स्वस्त जळू लागली! मग ब्रह्मदेशातल्या उत्पादकांनी सरकारचे दार ठोठावले, की आम्हांला संरक्षण द्या. आणि १९२८ साली टॅरिफ बोर्डाला चौकशीस बसावे लागले. त्याच साली बर्मा आणि शेल यांची विक्री एका नावाखाली आली आणि 'बर्मा-शेल' ही पाटी पुढे पन्नास वर्षे आपल्या रस्त्यांवर झळकत राहिली. खुला भाव म्हणतात तो आपल्या लोकांनी पाहिला असेल तर एवढ्या काही महिन्यांत. आणि तोही लढाईचा भाव होता.

दुसऱ्या महायुद्धाने या साऱ्या चर्चेला सुट्टी दिली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून सिरियमचा तेलशुद्धीकरण कारखाना इंग्रजांनी स्वतःच उडवून दिला. आपले रॉकेल तेथूनच यावयाचे. पेट्रोलवर तर १९४१ पासूनच नियंत्रण आले होते. मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या बसल्या आणि त्या गॅसवर धापा टाकीत गाड्या चालू लागल्या. रॉकेल कार्डावर आले. त्या वर्षांत 'भाव काय?' हा प्रश्न कोणी विचारीत नसे, 'आले का?' एवढेच विचारीत.

स्वातंत्र्यानंतर भाव लिहिण्याची दौत एकदम सरकारच्या हाती आली असे नव्हे. इराणच्या आखातातून आलेल्या तेलाचीही किंमत ते जणू अमेरिकेतल्या मेक्सिकोच्या आखातातून आले आहे असे धरून आकारली जाई. पुढे या हिशेबात थोडीफार सुधारणा होत गेली. पण १९५४-५५ साली मुंबईत तुर्भ्याला दोन कारखाने उभे राहिले, तेल शिजले आपल्या दारात, तरी भाव परदेशाहून तयार माल आणल्याचाच. या कारभाराला धक्का दिला केशवदेव मालवीय यांनी. १९६० च्या सुमारास सोव्हिएट रशियाने स्वस्त तेल देऊ केले. कंपन्या ते तेल आपल्या कारखान्यात घेईनात, पण त्या नुसत्या धाकानेही त्यांना भाव उतरवावे लागले. मग के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९६१ साली तिने भावाचा हिशेबच उलगडून मांडला. 'बाजारभाव' या शब्दाचा एवढा पंचनामा आपल्याकडे क्वचितच कोणी केला असेल. रावसाहेबांच्या तोंडी दामल्यांचे नाव आले की आवाजात एक निराळाच आदर येतो.

यानंतर मात्र धनी बदलला. सत्तरीच्या दशकात तेल कंपन्या सरकारी झाल्या, भाव दिल्लीत ठरू लागले, आणि आपल्या गल्लीत आली रॉकेलची हातगाडी. निळा पिंप, पत्र्याचे माप, नरसाळे, आणि त्यामागे कॅन घेऊन उभी असलेली रांग. पूर्व भागातल्या घरांत दिवसभर विड्या वळून आलेली बाई त्या रांगेत अर्धा दिवस मोडी. तिला विचारले असते की तुझ्या घरातला रॉकेलचा खप कशावर ठरतो, तर तिने ना भाव सांगितला असता ना धोरण, ती म्हणाली असती, "गाडी किती वाजता येती त्याच्यावर."

आता मुख्य साक्षीदार. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले पिंप जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरवर गेले. अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले ते त्याच नोव्हेंबरात. जगाचा भाव सर्वांना एकच. शेटजींचे म्हणणे पुरते खरे असते तर साऱ्याच तेलांचा खप सारखा आवळला गेला असता. झाले काय ते पाहा. १९७०-७१ साली देशात पेट्रोल खपले सुमारे साडेचौदा लाख टन. दहा वर्षांनी, १९८०-८१ साली, सव्वापंधरा लाख. म्हणजे जागच्या जागी. डिझेल मात्र अडतीस लाख टनांवरून एकशे तीन लाखांवर गेले! रॉकेल तेहतीस लाखांवरून बेचाळीस लाखांवर. तीनही तेले एकाच पिंपातून निघणारी, एकाच भट्टीतली भावंडे. फरक एवढाच की पेट्रोल ही श्रीमंताची चैन ठरवून सरकारने त्यावर कर चढवला, आणि डिझेल हे शेतकऱ्याचे व मालमोटारीचे, रॉकेल गरिबाचे, म्हणून त्यांना आडोसा दिला.

शेटजी यावर म्हणतील, आणि त्यांनी ते म्हटलेच, की पेट्रोल महाग झाले म्हणूनच खप थांबला ना? मग जिंकला कोण? भावच. हे खरे आहे, आणि माझ्या मते या वादाची मेख नेमकी येथे आहे. माणूस भाव पाहूनच वागतो. पण त्याच्यापुढे येणारा भाव अरबस्तानातून निघाला तसा येत नाही. वाटेत कोणीतरी तो पुसून पुन्हा लिहिलेला असतो: पूर्वी कंपनीने, नंतर सरकारने. किती जाळायचे ते घर ठरवते. कोणते जाळायचे ते मात्र बहुधा दुसऱ्याने ठरवलेले असते. सोलापूर जिल्ह्यात विहिरीवर धडधडणारी तेलाची इंजिने आणि हैदराबाद रस्त्याला लागलेल्या मालमोटारींच्या रांगा हे त्या स्वस्त डिझेलचे मूर्त स्वरूप होते. आगगाडीचे रूळ बाजूलाच असून माल रस्त्याने जाऊ लागला, यात डिझेलवरच्या त्या मायेचा वाटा मोठा होता.

पण रावसाहेबांनीही फार ताठ बसू नये. सरकारने भाव लिहिला म्हणजे लोक तो निमूट वाचतात असे नाही. २००२ ते २०१० या काळात रेशनचे रॉकेल लिटरला नऊ रुपयांच्या आसपास गोठवून ठेवले होते. त्याच काळात डिझेल चढत चढत चाळिशीच्या घरात गेले. दोन भावंडांत एवढे अंतर पडले की त्या फटीतून काय काय वाहते! रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग मिसळत. तरी देशभरातल्या रेशनच्या रॉकेलपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाटेतच पाय फुटून डिझेलच्या टाक्यांत जात होते. कागदावर तो गरिबाच्या चुलीचा खप. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ तेलाची भेसळ उघडकीस आणण्याचा प्रयत्न केला आणि भेसळ करणाऱ्यांनी त्यांना जिवंत जाळले. सणाच्या अंकात ही आठवण काढू नये असे कोणी म्हणेल. पण रावसाहेब त्या दिवसाबद्दल अजूनही बोलू शकत नाहीत, आणि त्यांना बोलता येत नाही तर निदान लिहिले तरी पाहिजे.

आमच्याच जिल्ह्याच्या कडेला एक असा प्रयोग होऊन गेला की तो पाहण्यास कोणा पंडिताने यावयास हवे होते. विजापूर रस्त्याने निघाले की टाकळीशी भीमेचा पूल लागतो. पुलापलीकडे धूळखेड, म्हणजे कर्नाटक. २०२१ सालच्या दिवाळीच्या पूर्वसंध्येला केंद्राने पेट्रोलवरचा कर ५ रुपयांनी आणि डिझेलवरचा १० रुपयांनी उतरवला. कर्नाटकाने लगोलग आपल्या पदरचे आणखी ७ रुपये कमी केले. महाराष्ट्राने हात आवरला; राज्याची ठळक कपात, पेट्रोलला ५ आणि डिझेलला ३ रुपये, जाहीर झाली ती जुलै २०२२ मध्ये. मधल्या महिन्यांत नदीच्या दोन काठांवर डिझेलच्या लिटरमागे सात-आठ रुपयांचा फरक होता. मालमोटारीच्या टाकीत तीनशे लिटर मावत असेल तर दोन हजारांवर रुपये वाचतात. कोणता ड्रायव्हर अलीकडे टाकी भरील? तेल तेच, कंपनी तीच, बहुधा टँकरही एकाच जातीचे. आणि खप मात्र नदी ओलांडून गेला.

ही हकीकत मी दोघांनाही सांगितली. शेटजी खूष झाले, कारण ड्रायव्हर भाव बघून पूल ओलांडत होता. रावसाहेबही खूष झाले, कारण तो भाव बेंगळूर आणि मुंबई येथल्या दोन मंत्रिमंडळांनी लिहिलेला होता.

त्याच्या आदल्या वर्षीची, २०२० ची, गोष्ट तर आणखी विचित्र. एप्रिलमध्ये अमेरिकेत तेलाचा वायदेभाव एक दिवस शून्याच्याही खाली उतरला. पिंप घ्या आणि वर पैसेही घ्या! आपल्याकडे पंपावर ते कळलेसुद्धा नाही, कारण मार्च आणि मे मिळून केंद्राने पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपये कर वाढवून मधली सारी घसरण आपल्या तिजोरीत घेतली. आणि त्या एप्रिलात देशाचा तेलाचा खप जवळजवळ निम्म्यावर आला, तो टाळेबंदीमुळे. भावाला त्यात कोणी विचारलेच नाही. पेट्रोल २०१० साली आणि डिझेल २०१४ साली सरकारी बंधनातून 'मुक्त' झाले असे आपण वाचले होते. ती मुक्ती अशी.

आता तर पेट्रोलमध्ये आपला ऊसही जळतो. राज्यात सर्वांत अधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. २००१ साली मिरज आणि मनमाड येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले तेव्हा ते कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. २०२५ पर्यंत देशात पाचातला एक हिस्सा इथेनॉलचा झाला. किती मिसळायचे ते सरकार सांगते, काय भावाने घ्यायचे तेही. डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी पडला आणि साखर कमी पडेल म्हणून, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असा हुकूम निघाला आणि थोड्याच दिवसांत तो सैलही झाला. कारखान्यांच्या आवारात ते दिवस कसे गेले असतील!

राहिले रॉकेल. ज्याने करडईला दिव्यातून उठवले त्याला कोणी उठवले? देशात २०१२-१३ साली पंचाहत्तर लाख टन रॉकेल खपत होते. दहा वर्षांनी, २०२२-२३ साली, जेमतेम पाच लाख टन. मधल्या काळात वीज गावोगाव गेली, २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू होऊन गरीब घरांत गॅस पोचू लागला, आणि त्याच साली जुलैपासून रेशनच्या रॉकेलचा भाव पंचवीस-पंचवीस पैशांनी गुपचूप चढवण्यास प्रारंभ झाला. एका हाताने नवे दिले, दुसऱ्या हाताने जुने काढून घेतले. हातगाडी कधी यायची बंद झाली हे आमच्या गल्लीत कोणालाच नक्की सांगता येत नाही. आमच्या घरचा पितळी स्टो माळ्यावर आहे. पिन अजून त्याच्या पायाला बांधलेली आहे.

मी म्हटले, रावसाहेब, हा डाव तुमचा. ते नेहमीप्रमाणे हसले नाहीत. "मास्तर, एकदा मंगळवेढ्याकडे जाऊन या," एवढेच म्हणाले.

त्याच दिवाळीत भाऊबिजेला मी तिकडे एका नात्यातल्या बहिणीकडे गेलो. पहाटे चारला जाग आली ती धुराच्या वासाने. न्हाणीबाहेर बंब पेटला होता. ताई तुरकाट्या मोडून आत सारीत होती. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी लखलखीत पुसून ठेवलेली, सिलेंडरवर विणलेले झाकण. सिलेंडर मध्यंतरी अकराशेच्या वर गेला होता. मग सरकारने २०२३ च्या ऑगस्टात तो दोनशेंनी उतरवला आणि उज्ज्वलाच्या बायकांना वर तीनशे रुपये अनुदानही मिळू लागले, हे सारे मी तिला सांगितले. तिला ते ठाऊक होते.

"चहाला आणि पाहुण्याला गॅस," ती म्हणाली. "अंघोळीच्या पाण्याला बंबच. तुरकाट्या रानातल्या, त्याला काय पैसं पडतात? ऊठ दादा, तेल लावून घे. पाणी कढत झालंय."

वाटीत तेल करडईचे होते.